भरलेली बाटली परत आली



अक्षय्य तृतीया झाली, वर्षीतपाची पारणी झाली आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर शिबिरांची पत्रकं यायला लागली. कुठे संस्कार शिबिर, कुठे खेळांचं, कुठे निसर्ग शिबिर. सकाळी मुलांना सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. पत्रकाखाली "सोबत काय आणावे" म्हणून यादी असते: टोपी, डबा, पाण्याची बाटली, वही, पेन. आपण ती यादी घेऊन बाजारात जातो, दोनशे-तीनशे रुपयांची नवी बाटली आणतो, डब्यासाठी पुऱ्या लाटतो आणि मनात म्हणतो, चला, मुलांची तयारी झाली.

मी आज भांडायलाच बसले आहे. ही तयारी मुलांची नाही, पिशवीची आहे. पिशवी तयार होते आणि मूल तसंच, काही न शिकवता, मे महिन्याच्या उन्हात जातं.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवते आहे.

मागच्या उन्हाळ्यात माझी नात चौथीची परीक्षा देऊन पाच दिवसांच्या शिबिराला गेली. बीडच्या बाहेर मोकळ्या रानात होतं. कोणाचं होतं, कुठे होतं ते मी लिहीत नाही, कारण शिकवणारी ताई-दादा मंडळी मनापासून काम करणारी होती. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. सूनबाई दवाखान्यात नोकरीला जाते, म्हणून डबा-पाण्याचं खातं माझ्याकडे. पाणी उकळून गार केलं, बाटली भरली, मेथीच्या पुऱ्या दिल्या. आणि दारात उभी राहून नातीला उपदेश केला: "बाहेरचं पाणी पिऊ नको. सारखं सारखं बाथरूमला जाऊ नको, तिथलं घाण असतं. ताईंना त्रास देऊ नको."

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तीच लाल तोंडाने. पिशवी उचलली तर जड लागली. बाटली भरलेली. सकाळी मी भरली होती तशीच, फार तर दोन घोट कमी. थोड्या वेळात डोकं दुखतं म्हणाली, मग उलटी, मग दुसरी उलटी. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून लघवी कधी झाली?"

मी सुनेकडे पाहिलं, सुनेने माझ्याकडे. मग नातीला विचारलं. ती म्हणाली, "गेलेच नाही." का गं? "दादी, तूच म्हणालीस ना जाऊ नको. आणि तिथे दाराला कडी नव्हती. म्हणून मी पाणीच प्यायले नाही."

एवढ्याशा पोरीने हिशेब बरोबर मांडला होता. पाणी प्यायलं तर जावं लागेल, जायचं नाही तर प्यायचं नाही. चूक तिच्या हिशेबात नव्हती, मी दिलेल्या आकड्यांत होती. एक रात्र सलाईन लागलं, दोन दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली. पण ती भरलेली बाटली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ही गोष्ट मी स्थानकात चार जणींना सांगितली तेव्हा तीन प्रकारची उत्तरं मिळाली. तिन्ही उत्तरांवर माझा राग आहे.

पहिलं उत्तर: "म्हणूनच आम्ही पाठवत नाही बाई. घरात कूलरपुढे बसलेली बरी." अहो, घरात बसून मूल काय करतं ते आपण पाहतोच. मोबाईल, कुरकुरे आणि आणखी मोबाईल. मूल रानात गेलं पाहिजे. आपल्या बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराईची झाडं लावली, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये पहिलं वृक्षसंमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला दिलं होतं. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. आपण मुलांना एकेंद्रिय, बेइंद्रिय, तेइंद्रिय पाठ करून घेतो. ते जीव पुस्तकात राहत नाहीत. मुंगीची रांग पाहून पाय उचलून टाकणारं मूल दहा पाठांतरं करणाऱ्या मुलापेक्षा जयणा जास्त शिकलेलं असतं. म्हणून पाठवायचं की नाही हा माझा प्रश्नच नाही. पाठवायचंच. कसं पाठवायचं, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं उत्तर: "आजकालची मुलं नाजूक. आम्ही नाही का उन्हात खेळलो?" खेळलो. मीही खेळले. पण कसं खेळलो ते अर्धवट सांगू नका. आमचं घर माळवदाचं होतं, हातभर जाडीच्या भिंती, आत गारवा. होळी झाली की शाळा सकाळची व्हायची. जेवण झालं की आजी दार लोटून सगळ्यांना आडवं करायची, चार वाजेपर्यंत अंगणात पाऊल टाकलं तर पाठीत धपाटा. रांजणात पाणी असायचं, कोणी मोजत नव्हतं. आणि फाल्गुनापासून रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेत घेत आम्ही वैशाखात पोचायचो. आजचं मूल मार्च-एप्रिल एसी आणि कूलरमध्ये काढतं आणि एका सोमवारी थेट रानात उभं राहतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात. ते दिवस आपण दिलेच नाहीत, आणि नाजूक म्हणून नाव मात्र मुलाला ठेवतो.

आणि उन्हाने काय होतं याला मोठी माणसंही अपवाद नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, उघड्या मैदानात भर उन्हात माणसं तासन्‌तास बसली आणि १४ जणांचा जीव गेला. ती सगळी श्रद्धेने आलेली माणसं होती. ऊन श्रद्धा विचारत नाही. आणि लांब कशाला, २०१६ च्या दुष्काळात आपल्याच जिल्ह्यात बारा वर्षांची एक मुलगी हातपंपावरून पाणी वाहता वाहता कोसळली आणि गेली. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या लेकराजवळ पाणी नव्हतं म्हणून ती वणवण करत होती. आमच्या लेकराच्या पाठीवर एक लिटर पाणी होतं आणि आम्ही शिकवलेल्या लाजेने तिने ते प्यायलं नाही. मला सांगा, दोष कोणाचा?

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त लागलं, कारण ते धर्माचं नाव घेऊन आलं. एक ताई म्हणाल्या, "थोडी तहान सहन केली तर काय झालं? परिषह सहन करायची सवय लहानपणापासूनच लागली पाहिजे."

ताई, परिषह बावीस आहेत, त्यात तहान आहे आणि ऊनही आहे, हे मलाही माहीत आहे. पण ते कोणासाठी सांगितलेत? ज्याने समजून-उमजून, गुरूंच्या साक्षीने घर सोडलं त्या साधू-साध्वींसाठी. नऊ वर्षांची मुलगी दाराला कडी नाही म्हणून तहानलेली बसते, ती तपस्या नाही. तिला पच्चक्खाण माहीत नाही, भाव माहीत नाही, तिला फक्त लाज माहीत आहे. लाजेला तप म्हणू नका. तपाचा अपमान होतो.

काही शिबिरांत मुलांमध्ये पोरसीची चढाओढ लावतात, ज्याने केली त्याला बक्षीस. आता हिशेब करा. मेच्या शेवटी आपल्याकडे सूर्योदय साधारण पावणेसहाला. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं, साडेसहाच्या सुमाराला संपते. मूल घरून पाणी पिऊन, नाश्ता करून सातला शिबिरात जाऊ शकतं. नवकारसीला माझी काहीच हरकत नाही, रोज करा. पण पोरसी म्हणजे दिवसाचा पाव भाग. तेरा तासांचा दिवस, म्हणजे नऊ वाजेपर्यंत घोटभर पाणी नाही. आणि सात ते नऊ याच वेळात मैदानात पळापळीचे खेळ असतात. रात्रभर पोटात पाणी नाही, वर दोन तास उन्हात पळणं. ज्यांना मुलांकडून पोरसी करून घ्यायची त्यांनी श्रावणात करावी, घरात करावी, मुलाची इच्छा आणि तब्येत पाहून करावी. उन्हातल्या शिबिरात बक्षीस लावून करू नये. मुलाचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं, त्याला घाम कमी येतो, आणि तहान लागल्याचं कळतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

आपल्या धर्मात अक्षय्य तृतीयेचं एवढं महत्त्व का? भगवान ऋषभदेवांचं पारणं झालं म्हणून. आणि त्या दिवशी आपण ज्यांचं नाव घेतो त्यात श्रेयांसकुमारही आहेत, ज्यांनी उसाचा रस दिला. तप मोठं, आणि वेळेवर ओंजळीत रस घालणारा हातही मोठा. तो हात आईचा आहे, दादीचा आहे, शिबिरातल्या ताईचा आहे.

"पण बाहेरचं पाणी कसं प्यायचं?" हा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर आपल्याच नियमात आहे. उकळलेलं पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. पाच प्रहर म्हणजे साधारण पंधरा तास. पहाटे पाचला उकळलं तर रात्री आठपर्यंत. शिबिराचा पूर्ण दिवस त्यात बसतो, सूर्यास्ताचा चौविहारही बसतो. धर्माने अडवलेलं नाही. अडवलंय आपल्या आळसाने.

मी १९८२ ची बी.कॉम. आहे, मराठवाडा विद्यापीठाची. नोकरी केली नाही, पण एक तत्त्व मनात पक्कं बसलं: नफा हातात येईपर्यंत धरायचा नाही, आणि तोटा मात्र दिसायच्या आधीच त्याची तरतूद करायची. मग एक लिटरच्या बाटलीचा हिशेब पाहू. दहा तासांचं शिबिर, एक हजार मिली पाणी. तासाला शंभर मिली, म्हणजे चहाचा जेमतेम एक कप. घरात पंख्याखाली बसलेल्या मुलालाही हे पुरत नाही, उन्हात पळणाऱ्याला कुठून पुरणार? म्हणजे बाटली रिकामी आली असती तरी माझी तरतूद कमीच होती. तिथे उकळलेलं पाणी पुन्हा भरून मिळतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आता शिबिराची फी भरायच्या आधी मी फोन करते आणि पाच प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा. लाजू नका, फी आपण भरतो.

१. मुलींसाठी वेगळं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं बाथरूम आहे का?
२. उकळून गार केलेलं पाणी दिवसभर मिळेल का, की बाटलीवरच भागवायचं?
३. पाणी पिण्यासाठी ठरलेल्या वेळी सगळ्यांना थांबवता का? केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली. घंटा वाजली की सगळ्यांनी प्यायचं, मागायला लागत नाही. एक शिट्टी आणि दर वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट. याला पैसे लागत नाहीत.
४. दुपारी बारा ते चार मुलं कुठे असतात? सावलीत, छताखाली, की मैदानात?
५. कोणाला त्रास झाला तर कोण पाहणार, आणि गाडी कोणती?

पहिला प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला आहे. पाण्याचा प्रश्न हा मुलींसाठी आधी बाथरूमचा प्रश्न असतो. बाथरूम नसेल तर तुम्ही चांदीच्या भांड्यात पाणी द्या, मुलगी पिणार नाही. आयोजक बहुतेक पुरुष असतात, त्यांच्या हे लक्षात येत नाही. आपल्या लक्षात येतं आणि आपण बोलत नाही. शिबिराला मंडप, बॅनर, पाहुण्यांच्या शाली यांना देणगी मिळते. यंदा आमच्या महिला मंडळाला मी सांगितलंय, माझी देणगी शालीला नाही, कडीला आणि पाण्याच्या पिंपाला.

आता घरची तयारी. ही शिबिराच्या आधी दहा दिवस सुरू करा.

रोज सकाळी आणि संध्याकाळी मुलांना अर्धा तास बाहेर खेळू द्या, मग हळूहळू वेळ वाढवा. दुपारी नाही. त्यांना लघवीचा रंग पाहायला शिकवा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. यात घाण काही नाही, शरीराची ही रोजची पावती आहे, ती वाचता आली पाहिजे. आणि तीन वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा: "ताई, मला पाणी प्यायचंय." "ताई, मला बाथरूमला जायचंय." "ताई, मला गरगरतंय." हसू नका. माझ्या नातीने यंदा ही तीन वाक्यं माझ्यापुढे उभं राहून म्हटली, तेव्हा पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटत नव्हता. नमोक्कार मंत्र खणखणीत म्हणणारी मुलगी "मला लघवीला जायचंय" म्हणताना मान खाली घालते. हे आपणच शिकवलंय, आपणच पुसायला पाहिजे.

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलींच्या पिशवीत पॅड, जुना कागद आणि एक जास्तीची चड्डी गुपचूप नाही, तिला दाखवून ठेवा. पाळी पहिल्यांदा शिबिरातच आली तर घाबरायचं नाही, कोणाला सांगायचं, हे आधी बोला. तुमच्या घरचे जे नियम असतील ते पाळा, त्यावर मी वाद घालत नाही. पण अज्ञान हा कुठल्याच घरचा नियम असू शकत नाही.

कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. टोपी पुढून झाक असलेली, सोबत ओला करता येईल असा पंचा. पायात बंद बूट, आणि घालायच्या आधी झटकायचे. आत विंचू असला तर मुलाचा पाय वाचतो, मुंगळा असला तर त्याचा जीव वाचतो. जयणा दोन्हीकडून फळते.

डब्यात उन्हात टिकेल असं द्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, काकडी. तिखट-तेलकट फार नको. सकाळी जाताना मीठ-जिरं घातलेलं ताक द्या, पण कच्च्या ताकासोबत बेसनाचं काही देऊ नका, द्विदल होतं. कैरीचं पन्हं गूळ-मीठ घालून दिलं तर उत्तम. आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, ही घरची जीवनरक्षक साखर-मीठ-पाण्याची कृती प्रत्येकीला पाठ हवी. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर उलटं होतं. दुकानातून घ्यायचं तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी घ्या. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नावाने विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. म्हणजे इतकी वर्षं आपण साखरेलाच औषध समजत होतो.

शेवटचं, जे प्रत्येकीला माहीत असलंच पाहिजे. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चिडचिड ही पहिली खूण. लगेच सावली, पाणी, आराम. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. जप करत करत हे करा, आधी जप आणि मग हे असं नको.

दशवैकालिक सूत्रात साधूंना चालणं, उभं राहणं, बसणं, झोपणं, खाणं, बोलणं सगळं जयणेने करायला सांगितलं आहे. आपण जयणा म्हणजे फक्त पाणी गाळणं आणि भाजी निवडणं समजतो. फ्लॉवरमधल्या अळीसाठी दहा मिनिटं देणाऱ्या आपण, पंचेंद्रिय लेकराच्या तहानेसाठी एक फोन करायला का लाजतो?

यंदा माझी नात पुन्हा जाणार आहे. पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरं मला बरोबर मिळाली. कडीचं काम बाकी होतं, दोन दिवसांपूर्वी आयोजकांचा फोन आला, "काकू, कडी बसवली." मी म्हटलं, मी येऊन लावून बघणार आहे. आणि बघून आले.

या लेखातल्या माझ्या भाषेने कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. भाषेबद्दल. मुद्द्याबद्दल नाही.

संध्याकाळी मूल घरी आलं की आधी बाटली उचलून पाहा.